चहाचा डबा कुठे आहे?

नाशिक,
रविवार दुपार

चि. चिऊ हिस मामाचे अनेक आशीर्वाद.

परवा व्हिडिओ कॉलवर तू बराच वेळ हसत बोललीस. शिरपूरच्या डॉक्टरांची नक्कल केलीस, दोंडाईच्याच्या एसटीत मांडीवर कोंबडी घेऊन बसलेल्या आजींची गोष्ट सांगितलीस. फोन ठेवता ठेवता एकदम म्हणालीस, "मामा, सगळं ठीक आहे रे, पण मी नेमकी राहते कुठे तेच कळेनासं झालंय." मी आपलं "होईल सवय" म्हटलं आणि फोन ठेवला. रात्री मात्र झोप लागेना. तू बोलत होतीस तेव्हा माझं लक्ष तुझ्या मागे होतं. पलंगावर तुझी बॅग उघडी पडली होती, अर्धे कपडे आत, अर्धे बाहेर. नंदुरबारहून परत येऊन तुला तीन दिवस झाले होते.

सवय होते, हे खोटं नाही. पण कशाची होते, ते मी सांगितलं नाही. त्यासाठी हे पत्र. फोनवर तू मला मध्येच तोडतेस. पत्राला तोडता येत नाही.

मी १९८४ साली तुझ्यासारखाच औषध कंपनीचा एमआर म्हणून लागलो तेव्हा माझंही हेडक्वार्टर धुळेच होतं. शिरपूर, साक्री, शिंदखेडा, चाळीसगाव ही एक्स-स्टेशनं, म्हणजे सकाळी जाऊन रात्री परत. नंदुरबार, शहादा, तळोदा ही आउटस्टेशनं, म्हणजे मुक्काम. नंदुरबार तेव्हा धुळे जिल्ह्यातच होतं. वेगळा जिल्हा झाला तो १ जुलै १९९८ ला. सोमवारी पहाटे निघायचं, शनिवारी रात्री यायचं. पुढे मालेगाव-सटाणा जोडून आलं की नऊ-नऊ दिवस घर दिसायचं नाही. थोडक्यात, तू ज्या खड्ड्यांवरून जातेस त्यातले काही माझ्या ओळखीचे आहेत.

आधी शरीराचं सांगतो, कारण पहिल्या सहा महिन्यांत तक्रार तेच करतं. नव्या गावी पहिल्या रात्री झोप लागत नाही, म्हणून तू स्वतःला बोल लावतेस. लावू नकोस. अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१६ साली दाखवलं, की अनोळखी जागी पहिल्या रात्री मेंदूचा एक अर्धा भाग दुसऱ्याइतका गाढ झोपत नाही, आवाजाकडे कान लावून असतो. राखणीच्या कुत्र्यासारखा. आम्हाला हे कुणी सांगितलं नव्हतं, पण जुने एमआर एक गोष्ट न चुकता करायचे. दर खेपेला तोच लॉज, शक्य तर तीच खोली, आणि घरची चादर बरोबर. गाव परकं असलं तरी चादरीचा वास ओळखीचा. तू दर वेळी मोबाईलवर सवलत बघून नवा लॉज धरतेस, म्हणजे दर वेळी पहिलीच रात्र. शंभर-दीडशे रुपये वाचतात आणि झोप जाते. तुझ्या स्टॉकिस्टच्या घरच्या बायकांना विचार, त्या कुठल्या लॉजमध्ये आपल्या लेकीला उतरवतील. तोच तुझा लॉज.

जेवणाचं. फिरतीवरच्या माणसाला एक मोह असतो, डीए वाचवण्याचा. भत्ता जेवणाचा मिळतो, आपण वडापाववर दिवस काढतो आणि महिनाअखेरी पगारात भर पडली म्हणून खूश होतो. मी चार वर्षं हे केलं. त्या पैशांतून एक स्कूटर आली आणि तिच्या मागच्या सीटवर आम्लपित्त बसून आलं. स्कूटर कधीच विकली, आम्लपित्त अजून घरात आहे. दुपारी भाकरी-भाजीचं बसून जेवण घे. शेवभाजी रोज नको. खानदेशी तर्री डोळ्यांना गोड दिसते, पोटाला नाही. आणि तिकडचा एप्रिल-मे म्हणजे खेळ नाही. औषधं विकणारी तू, तुला काय सांगायचं, पण स्वतःसाठी लक्षात ठेव: एक लिटर पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. बाटली बॅगेत हवी, सॅम्पलच्या वर.

पाण्याचा विषय निघाला म्हणून तुझी मामी इथे शेजारी बसून मला ढोसते आहे. ती म्हणते, हे तू लिही, नाहीतर मी लिहीन. फिरतीवरच्या मुली पाणी पीत नाहीत, कारण बाहेर जायची सोय नसते. मग लघवीचा संसर्ग होतो, आणि तेही लाजेनं सांगत नाहीत. आमच्या काळी या नोकरीत बाया जवळजवळ नव्हत्याच, त्यामुळे आम्हा पुरुषांच्या डोक्यात हा प्रश्न कधी आलाच नाही. तू तुझ्या डायरीत डॉक्टरांच्या यादीशेजारी दुसरी यादी कर. कुठल्या गावात कुठल्या नर्सिंग होममध्ये स्वच्छ सोय आहे, कुठल्या डॉक्टरीणबाईंची रिसेप्शनिस्ट हसून चावी देते. ही यादी तुझ्यानंतर येणाऱ्या मुलीला दे. टार्गेटपेक्षा तिला ती जास्त उपयोगी पडेल.

आता दुपारचं. लोकांना वाटतं, आमचं काम बोलण्याचं. आमचं काम थांबण्याचं. डॉक्टरांची ओपीडी दोनला संपते, पुन्हा पाच-सहाला उघडते. मधले तीन-चार तास ऊन, बंद शटर आणि एसटी स्टँडचं बाकडं. माणूस फिरतीला कंटाळतो तो प्रवासात नाही, या तीन तासांत कंटाळतो. मी पहिलं वर्ष स्टँडवर पेपर वाचून काढलं, जाहिरातींसकट, हरवले-सापडलेसकट. नंतर चार कंपन्यांचे आम्ही एमआर नंदुरबारला एका खोलीत उतरायला लागलो. दिवसभर एकमेकांचं गिऱ्हाईक ओढायचं आणि दुपारी एकाच ताटात जेवायचं. कुठले डॉक्टर गुरुवारी बसत नाहीत, कुणाच्या घरी लग्न आहे, कुणापुढे आज तोंड उघडायचं नाही, ही सगळी माहिती त्या ताटावर फुकट मिळायची. तुझ्या भागात इतर कंपन्यांच्या मुली असतीलच. त्यांना प्रतिस्पर्धी समजायचं ते केमिस्टच्या काउंटरपर्यंत. त्यापलीकडे त्या तुझी भावकी.

पण रोज माणसं मिळतीलच असं नाही. म्हणून दुपारी करायचं असं स्वतःचं एक काम हवं, कंपनीचं नव्हे. मी धुळ्याच्या वाचनालयातून जाडजूड पुस्तकं न्यायचो. मुदत दर वेळी उलटायची आणि दंड मी आनंदानं भरायचो. तू चित्रं काढायचीस शाळेत. वही घेऊन जा. स्टॉकिस्टच्या दुकानामागच्या खोलीत पंख्याखाली बसून गोणीवर झोपलेल्या मांजराचं चित्र काढलंस, तरी ती दुपार तुझी झाली. नुसता मोबाईल बघितलास, तर दुपार कुणाचीच होत नाही.

खर्चाच्या स्टेटमेंटचं दोन ओळींत. १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे. कंपनीकडे अर्धंच माग. हसू नकोस, मोह इथूनच सुरू होतो. माझा झाला होता. एका पावसाळ्यात तळोद्याला जायचा कंटाळा आला म्हणून नंदुरबारच्या खोलीत झोपून राहिलो आणि रिपोर्टात तिथल्या एका डॉक्टरांचा कॉल लिहिला. ते डॉक्टर त्या दिवशी नाशिकला लग्नाच्या पंगतीत जेवत होते, आणि त्यांच्या शेजारच्या पाटावर आमचे मॅनेजर. मॅनेजर मला काही बोलले नाहीत. पुढच्या जॉइंट वर्किंगला त्याच डॉक्टरांकडे घेऊन गेले आणि म्हणाले, "परवा यांनी सांगितलेलं तुमच्या लक्षात असेलच." कान अजून गरम होतात. तुमच्या ॲपला तुम्ही कुठे उभे आहात तेही कळतं, त्यामुळे तुला ही सोयच नाही. पण थकलीस तर थकले म्हणून सांग. रजा ही मेहेरबानी नसते. १९७६ साली आमच्यासारख्यांसाठी कायदा झाला तेव्हापासून नेमणुकीचं पत्र आणि कामाच्या दिवसांच्या अकराव्या हिश्श्याइतकी भरपगारी रजा हा आमचा हक्क झाला. आता तो कायदा नव्या श्रमसंहितेत गेला आहे. तुझं नेमणूकपत्र काढ, रजेचं कलम वाच, आणि रजा वापर.

हे सगळं वरवरचं. आता मुद्द्याचं.

नंदुरबारला स्टेशनजवळ एक खानावळ होती. चालवणाऱ्या मावशी अहिराणी बोलायच्या. मी दारात दिसलो की आतूनच हाक यायची, "उना का भाऊ? बठ." मला भेंडी चालत नाही हे त्यांना दुसऱ्या खेपेलाच कळलं होतं. ताटात भेंडी कधी पडली नाही. लॉजचा पोऱ्या न विचारता गरम पाणी आणायचा. शहाद्याचे एक केमिस्ट माझ्यासाठी दिवाळी अंक बाजूला काढून ठेवायचे. माझ्या डायरीत दीडशे डॉक्टर होते. कुणाचा वाढदिवस कधी, कुणाची मुलगी कितवीला, कुणाला साखर चालत नाही, सगळं तोंडपाठ. अनोळखी गावात मी असा घरच्यासारखा रुळलो होतो, आणि त्याचा मला फार अभिमान होता.

१९९३ ची गोष्ट असेल. नऊ दिवसांची फिरती करून मी शनिवारी रात्री धुळ्याच्या घरी आलो. तुझी मामी तापानं पडली होती. माझी लेक, म्हणजे तुझी ताई, तेव्हा पाच वर्षांची, उशाशी बसून होती. मी म्हटलं, चहा टाकतो. स्वयंपाकघरात गेलो. चहाचा डबा नेहमीच्या फळीवर नव्हता. दुसऱ्या फळीवर नव्हता. मी भांडी वाजवत शोधत राहिलो. शेवटी तुझी ताई आत आली, माझ्याकडे बघितलं आणि शेजारच्या काकांना सांगावं तशा आवाजात म्हणाली, "आम्ही आता डबा खिडकीपाशी ठेवतो."

आम्ही. त्या शब्दात मी नव्हतो.

तिच्या बोलण्यात राग नव्हता, हेच जास्त लागलं. घर माझ्यावाचून व्यवस्थित चालू होतं. डबे हलले होते, दुधवाला बदलला होता, तिच्या शाळेची वेळ बदलली होती, आणि मला कुणी मुद्दाम कळवलं नव्हतं. पाहुण्याला कोण कळवतं? आल्यावर मला तांब्या-भांडं हातात मिळायचं, मऊ भात वाढला जायचा, मुलीला "बाबा दमलेत, गडबड करू नको" म्हणून दटावलं जायचं. मी त्याला प्रेम समजत होतो. प्रेम होतंच. पण दर आठवड्याला येणाऱ्या पाहुण्यावरही लोक प्रेम करतातच की.

मी सवयीचं म्हणत होतो ते हे. फिरतीची सवय होतेच, पायाला भिंगरी लागली की ती आपोआप फिरते. आणि ही सवय होता होता घराची सवय सुटते, ते कळत नाही. बाहेरगावी आपण ओळख जोडायला जिवाचं रान करतो, कारण पोट तिथं असतं. घरी आपण काहीच करत नाही, कारण ते आपलंच आहे असं धरून चालतो. असं धरून चालणाऱ्याचं घर हळूहळू दुसऱ्यांचं होतं.

मग मी काय केलं? मोठं काही नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मामीला विचारलं, की घरातलं असं एखादं काम सांग, जे माझ्याशिवाय होणार नाही. तिनं बराच वेळ विचार केला, त्यातच मला उत्तर मिळालं. शेवटी आठवड्याचा भाजीबाजार माझ्याकडे आला. रविवारी सकाळी पिशवी घेऊन मी आणि तुझी ताई. मी चुकीची वांगी आणायचो, मामी बोलणी द्यायची. पाहुण्याला कुणी बोलणी देत नाही, म्हणून मला ती गोड लागायची. दुसरं, घरी आल्यावर पहिला तासभर फिरतीच्या गोष्टी सांगायच्या नाहीत असं ठरवलं. आधी इथं काय झालं ते ऐकायचं. आणि तिसरं, दर मुक्कामावरून पंधरा पैशांचं पोस्टकार्ड टाकायचो, त्यात आपलं पुराण लावण्याऐवजी प्रश्न विचारायला लागलो. कार्ड बऱ्याचदा माझ्यानंतर पोचायचं. पण आधी पोचलं, तर मी आलो की तुझी ताई कार्डातल्या प्रश्नांची उत्तरं तयार ठेवून बसलेली असायची.

तू म्हणशील, मामा, माझं कुठे घर, मी तर भाड्याच्या खोलीत एकटी. तेच तर सांगतोय. माझं घर माझ्यावाचून चालत होतं. तुझी खोली तुझ्यावाचून चालतच नाही, आणि तू ती चालवतही नाहीस. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर, तसं तुझं बॅगेत. दर खेपेला आलीस की त्याच रात्री बॅग तळापर्यंत रिकामी कर. मळके कपडे भिजत, चादर दोरीवर, बॅग पलंगाखाली. साबण-ब्रशची एक छोटी पिशवी कायम भरलेली ठेव, म्हणजे निघताना धावपळ नको. बाकी सगळं बाहेर. उघडी बॅग रोज सांगत राहते, की तू इथली नाहीस.

खोलीची एक चावी घरमालकीणबाईंकडे दे. त्यांच्याशी रोजचं बोलणं ठेव, भाड्याच्या तारखेपुरतं नको. नंदुरबारच्या लॉजवाल्याला तू कधी येणार ते ठाऊक असतं. शेजारणीला तू कधी परत येणार ते ठाऊक आहे का? टूर प्रोग्रॅम मॅनेजरला पाठवतेस तसा तिलाही सांगून जा. आणि तुझ्या आईला रोज रात्री फोन करतेस, तो थोडा वेगळा कर. काय जेवलीस ते तिनं विचारायच्या आत, ती काय जेवली ते तू विचार.

एक काम आणखी. धुळ्यात आहेस तर एखाद्या मोकळ्या सकाळी राजवाडे संशोधन मंडळात जाऊन ये. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे म्हणजे पक्का फिरता माणूस. जुने कागद शोधत गावोगाव हिंडले. 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड १८९८ साली आला, पुढे बावीस खंड झाले. आपल्याला टार्गेट तरी मॅनेजर देतो, त्यांना कुणी दिलं नव्हतं. १९२६ च्या शेवटच्या दिवशी ते धुळ्यातच वारले, आणि पुढच्याच वर्षी त्यांच्या नावानं हे मंडळ उभं राहिलं. मी प्रथम गेलो तो दुपारचे तीन तास काढायला म्हणून. तिथं बांधून ठेवलेली दप्तरं बघताना वाटलं, जन्मभर हिंडलेल्या माणसाचीही दप्तरं कुठे तरी एका जागी लागावी लागतात. नाहीतर सगळं हिंडणं वाऱ्यावर जातं.

आणि इतकं करूनही नाहीच जमलं तर? दोन वर्षं दे. तिन्ही ऋतू दोनदा त्या रस्त्यावरून जाऊ दे. तोवर तुला कळेल, की तुला फिरतीचा कंटाळा येतो की एखाद्या माणसाचा, गावाचा की आकड्यांचा. महिनाअखेरीला सगळ्यांनाच नोकरी सोडावीशी वाटते, त्यामुळे त्या आठवड्यात निर्णय घेऊ नकोस. पाच-सहा तारखेलाही तेच वाटलं तर मला फोन कर. सोडण्यात कमीपणा नाही. माझ्या बरोबरीचे कितीतरी जण सोडून गेले, सुखी आहेत. मी मात्र पस्तीस वर्षं राहिलो, आणि आता घरी बसून सोमवारी पहाटे उगाच जागा होतो. मामी म्हणते, "बॅग भरून देऊ का?"

पुढच्या महिन्यात मी धुळ्याला येतो आहे, जुन्या मित्राकडे काम आहे. संध्याकाळी तुझ्या खोलीवर येईन. तू म्हणालीस, चहा खालच्या टपरीवर पितेस, खोलीत काही ठेवत नाहीस. तेवढं बदल. बाजारातून एक डबा आण, चहा भर, आणि तुला हवा तिथं ठेव. कुठे ठेवलास ते मला आधी सांगू नकोस. आल्यावर मी तुलाच विचारीन.

मामी आशीर्वाद सांगते, आणि पाणी पी म्हणते.

तुझा,
मामा

ता. क. : तुझी ताई आणि जावई परवा मुंबईहून आले होते. नोकरी आता पोरीपेक्षा जावयाला जास्त फिरवते. तो आल्या आल्या स्वयंपाकघरात गेला आणि न विचारता कप काढले. मी मामीकडे बघितलं, तिनं माझ्याकडे. दोघंही काही बोललो नाही.